समुद्राकाठच्या जुन्या जिप्सीचे ब्रेक पाइप गंजलेत: स्टील, तांबं की क्यूप्रो-निकेल?

सडा_ते_समुद्र (प्रश्न)

गाडी: मारुती जिप्सी किंग, २००५ ची. पुढे डिस्क, मागे ड्रम. गुहागर तालुक्यात, समुद्रापासून पाऊण किलोमीटरवर उभी असते, बाहेर.

मास्टर सिलिंडरकडून (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देतो तो) मागे जाणाऱ्या पाइपाला पेट्रोलच्या टाकीजवळ पापुद्रे सुटलेत. तीन क्लिपांखाली नख लावलं तरी खड्डे लागतात. मागच्या ॲक्सलवरचे दोन पाइप आणि त्यांचे नट गंजून एकजीव झालेत. गळती अजून नाही, रिझर्व्हायरमधली ब्रेक ऑइलची पातळीही खाली गेलेली नाही. पुढचे पाइप वरून बरे दिसतात.

गॅरेजमध्ये सांगतात की एसीवाल्याकडून तांब्याचा पाइप आणू, गंजायचा प्रश्नच मिटेल. पार्टच्या दुकानात कापून मिळणारा स्टीलचा पाइप आहे. ऑनलाइन ‘कुनिफर’ नावाने ४.७५ मिमीची ७.६ मीटरची गुंडाळी मिळते. चौथा सल्ला स्टेनलेसचा.

१) खाऱ्या हवेत यातलं कोणतं टिकेल? २) फक्त सडलेला दोन फुटांचा तुकडा कापून मध्ये जोड दिला तर चालेल का? ३) काम घरी करायचं तर हत्यारं कोणती लागतील?

---

चॅसिसखाली

आधी एक गोष्ट: पाइप बदलेपर्यंत गाडी चालवू नका. गळत नाही म्हणजे पाइप शाबूत आहे असा अर्थ होत नाही. नव्या पाइपाची भिंतच जेमतेम ०.७ मिमी असते. क्लिपेखाली खड्डा पडला की तिथे किती पत्रा उरला ते बाहेरून कळत नाही. रोजच्या हलक्या ब्रेकला पाइपात ३०-४० बार दाब येतो, एखादं ढोर आडवं आलं आणि कचकन ब्रेक मारला की १०० बारच्या आसपास जातो. म्हणजे सडका पाइप रोज साथ देतो आणि नेमका गरजेच्या वेळी फुटतो. जिप्सीचं मास्टर सिलिंडर दोन सर्किटचं असल्यामुळे पुढचे ब्रेक उरतील, पण पेडल एकदम खोल जाईल आणि थांबायला अंतर बरंच जास्त लागेल. घाटाच्या उतारावर तेवढं अंतर मिळत नाही.

आता धातू.

स्टील. कंपनीचा पाइप म्हणजे स्टीलची पातळ पट्टी दोनदा गुंडाळून वितळलेल्या तांब्याने सांधलेली (ब्रेझ केलेली) नळी, वरून जस्ताचा थर. ताकद उत्तम, कंप सहन करते, दगड लागला तरी सहज चेपत नाही. मार तो जस्ताचा थरच खातो. जांभ्याची माती क्लिपेत अडकते, पावसाळाभर ओली राहते, त्यात मीठ. थर गेला की ०.७ मिमीला फार वेळ लागत नाही. नुसता जस्त लावलेला मीटरवर मिळणारा पाइप तुमच्या जागी बसवला तर काही वर्षांनी हेच काम पुन्हा करावं लागेल. जस्तावर नायलॉन किंवा पीव्हीएफचा प्लास्टिक थर असलेला मिळाला तर गोष्ट वेगळी.

तांबं. एसीचा पाइप नको. ‘तांबं मऊ, दाबाने फुटेल’ असं लोक सांगतात, ते मात्र बरोबर नाही. साधा हिशेब: फुटायचा दाब = २ × धातूची ताकद × भिंत ÷ बाहेरचा व्यास. मऊ तांब्याची ताकद साधारण २२० न्यूटन प्रति चौ. मिमी धरा. २ × २२० × ०.७ ÷ ४.७५ = सुमारे ६५ न्यूटन प्रति चौ. मिमी, म्हणजे ६५० बार. कागदावर पुरेसं आहे. तांबं दगा देतं ते कंपाने. प्रत्येक वाकवणीला आणि प्रत्येक थरथरीला ते कडक होत जातं, आणि नटाच्या लगेच मागे, फ्लेअरच्या (जोडात दाबून बसावं म्हणून पसरवलेल्या पाइपाच्या तोंडाच्या) मानेत, केसासारखी चीर पडते. ती नटाच्या आत असल्यामुळे दिसत नाही. शिवाय एसीचा माल ब्रेकसाठी बनवलेला नसतो. व्हर्नियर लावल्याशिवाय भिंतीच्या जाडीचा भरवसा नाही, आणि पाव इंची पाइप तर तुमच्या नटांत जाणारच नाही. गंजत नाही एवढ्या एका गुणावर ब्रेक सोपवू नयेत.

क्यूप्रो-निकेल. कुनिफर म्हणतात ते हेच. सुमारे ९० टक्के तांबं, १० टक्के निकेल, थोडं लोखंड आणि मँगेनीज. जहाजांवर समुद्राचं पाणी वाहून नेणाऱ्या पाइपांना हाच मिश्रधातू वापरतात, म्हणून खाऱ्या हवेची काळजी नको. (आपली जुनी रुपयाची नाणीही क्यूप्रो-निकेलची होती, पण त्यांत निकेल २५ टक्के.) ताकद ३०० च्या पुढे, म्हणजे वरच्याच हिशेबाने ८८० बार, जवळजवळ स्टीलइतकी. कंपाने चिरण्याची खोड तांब्यापेक्षा खूप कमी. हाताने वळतं आणि फ्लेअर स्टीलपेक्षा सहज होतो. व्होल्वोने १९७६ पासून कारखान्यातच याचे ब्रेक पाइप बसवायला सुरुवात केली.

स्टेनलेस. गाडीच्या नटांना ४५ अंशांचा दुहेरी फ्लेअर, म्हणजे कड आत दुमडून दुपदरी केलेला, लागतो. स्टेनलेसला तो साध्या हत्याराने केला की कडा फाटतात, नाहीतर तो इतका कडक होतो की बैठकीत दबून बसतच नाही. रेसिंगवाले ३७ अंशांचा एकेरी फ्लेअर आणि वेगळी फिटिंग वापरतात, ती जिप्सीच्या सिलिंडरला बसत नाहीत. त्यात ३०४ ग्रेडला क्लिपेखाली मीठ-पाणी साचलं की टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पडतात, म्हणजे नेमकी तुमचीच अडचण.

तुमच्या गाडीला क्यूप्रो-निकेल, ४.७५ मिमी बाहेरचा व्यास, ०.७ मिमी भिंत. सगळे पाइप बदला, पुढचेही. वय सगळ्यांचं एकच आहे.

जोडाबद्दल: नको. सडलेल्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना जो ‘बरा’ पाइप दिसतो, तोही क्लिपांखाली खाल्लेला असतो. आणि ऑलिव्ह (पाइपावर आवळून बसणारं कडं) असलेली कॉम्प्रेशन फिटिंग, ती पाण्याच्या आणि गॅसच्या लाइनला असते ती, ब्रेकच्या लाइनवर कधीच लावायची नाही. दाबाखाली पाइप तिच्यातून सरकून बाहेर येतो. ब्रेझिंगने ठिगळ लावणं तर त्याहून वाईट. लांब पाइप एका तुकड्यात ओवता येत नसेल तर दोन्ही टोकांना दुहेरी फ्लेअर करून ब्रेकचं युनियन (दोन पाइप जोडायचा आटेवाला तुकडा) वापरा, चॅसिसच्या सरळ भागात, हात पोचेल अशा ठिकाणी.

---

फ्लेअर_४५

वरचं सगळं मान्य. पण कोणताही पाइप घेतला तरी काम बिघडतं ते फ्लेअरमध्ये, म्हणून त्याबद्दल सविस्तर.

नट. जपानी घराण्यातल्या गाड्यांना बहुतेक ठिकाणी १० मिमी व्यासाचा, १ मिमी पिचचा नट असतो आणि पाना १० चा. जुन्या महिंद्रा जीपना ३/८ इंच, २४ आट्यांचा. दुकानात दोन्ही एकाच डब्यात पडलेले असतात. ३/८ म्हणजे ९.५ मिमी. तो जिप्सीच्या भोकात सैलसर शिरतो, थोडा आवळल्यासारखाही वाटतो आणि पहिल्या जोरदार ब्रेकला आटे सोलून बाहेर येतो. थ्रेड गेज लावा, नाहीतर जुना नट शेजारी धरून आटे एकमेकांत बसवून बघा. नट नवेच घ्या, जस्त लावलेले स्टीलचे. पितळी नटांचे कोपरे लवकर गोल होतात. सोळा घेऊन ठेवा, एक-दोन वाया जातातच.

जुने काढताना. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी पुन्हा. साधा पाना लावू नका, कोपरे जातील. पाइप फेकायचाच आहे, तेव्हा नटाला लागून पाइप कापा आणि सहा कोनी १० चं सॉकेट पूर्ण बसवून फिरवा. कापलेलं टोक लगेच रबरी टोपीने बंद करा, नाहीतर ऑइल ठिबकत राहतं आणि रंग सोलतो. रंगावर पडलंच तर भरपूर पाण्याने धुवा, नुसतं फडक्याने पुसू नका. ब्लीडिंगचे (ब्रेकमधली हवा काढायचे) निपल आजच सुटतात का बघून ठेवा. मागच्या व्हील सिलिंडरचा निपल तुटला तर सिलिंडरच बदलावा लागतो, आणि ते पाइप बसवून झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

कापणी. छोटा पाइप कटर. करवतीने कापलं तर बुरा आत जातो आणि पुढे व्हील सिलिंडरच्या वॉशरला ओरखडतो. कटरचा स्क्रू प्रत्येक फेरीला किंचितच आवळा, जोर दिला की तोंड आत दबतं. मग बारीक कानशीने तोंड काटकोनात, आतली आणि बाहेरची धार काढा, तोंड खाली धरून हवा मारा.

फ्लेअर. नट आधी पाइपावर ओवा, योग्य दिशेने. फ्लेअर झाल्यावर नट बाहेर राहिल्याचं लक्षात येणं ही या कामातली सगळ्यात सामान्य चूक. डायमध्ये (हत्याराच्या पकडीत) पाइप घट्ट आवळा. डायच्या वर पाइप किती काढायचा ते ॲडॅप्टरच्या (पाइपाच्या तोंडात बसणाऱ्या छोट्या ठोकळ्याच्या) पायरीइतकं, अंदाजाने नाही. तोंडावर ब्रेक ऑइलचा एक थेंब. पहिली दाब ॲडॅप्टर लावून, तो डायला टेकेपर्यंत. ॲडॅप्टर काढून दुसरी दाब शंकूने. या दुसऱ्या दाबेत हात आवरा. क्यूप्रो-निकेल मऊ आहे, जास्त दाबलं तर कड पातळ होते.

मग भिंगाने बघा: कड सगळीकडे सारख्या रुंदीची, मधोमध, चीर नाही, आतल्या तिरक्या पृष्ठभागावर ओरखडा नाही. एका बाजूला झुकलेला फ्लेअर कापून टाका. ‘आवळल्यावर बसेल’ या भरवशावर राहू नका, तो बसत नाही. पहिले चार-पाच फ्लेअर टाकाऊ तुकड्यावर करून हात बसवा.

आणखी एक: काही युरोपीय गाड्यांना बुडबुड्याच्या आकाराचा फ्लेअर असतो. तुमच्या जुन्या पाइपाचं टोक कापून बघा आणि तसाच करा. दोघांची अदलाबदल केली की गळती ठरलेली.

हातातला बार असलेलं स्वस्त हत्यार स्टीलवर घसरतं. क्यूप्रो-निकेलवर चालतं, पण बाकावर शिकंज्यात पकडायचं हत्यार किंवा हायड्रॉलिक हत्यार भाड्याने मिळालं तर तेच घ्या.

---

ओहमचा_नियम

गुंडाळी विकत घेताना तपासा. ‘कुनिफर’ या नावाखाली दोन भलत्या वस्तूही विकल्या जातात: वरून तांब्याचा मुलामा दिलेलं स्टील आणि निव्वळ तांबं.

स्टील ओळखायला लोहचुंबक पुरे. चिकटलं तर परत करा.

तांबं ओळखणं अवघड, कारण घनता जवळजवळ सारखीच, वजनाने कळत नाही. रंगाने थोडं कळतं. ताज्या कापलेल्या तोंडावर तांबं लालसर, क्यूप्रो-निकेल फिकट, चंदेरीकडे झुकणारं. शंका उरली तर वीज लावून बघा. निकेलमुळे रोध तांब्याच्या नऊ-दहा पट होतो. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब आणि पूर्ण गुंडाळी एकामागोमाग एक जोडा, सोबत फ्यूज. गुंडाळीचे वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत, मध्ये पुठ्ठा घाला, नाहीतर मोजमाप चुकतं. साधारण पावणेदोन अँपिअर प्रवाह वाहील. आता मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून गुंडाळीच्या दोन टोकांमध्ये मोजा, तारा जोडल्यात त्याच्या आतल्या बाजूला, धातू घासून. ७.६ मीटर लांबी आणि ०.७ मिमी भिंत धरून हिशेब असा: क्यूप्रो-निकेल असेल तर सुमारे २८० मिलिव्होल्ट, तांबं असेल तर ३० च्या आसपास. फरक इतका मोठा आहे की मीटर साधा असला तरी चालेल.

वेष्टनावर एसएई जे१०४७ किंवा आयएसओ ४०३८ यांचा उल्लेख आहे का तेही बघा. नसेल तर दुकानदाराला विचारा.

---

मूळ_पार्ट

थोडं वेगळं मत. मागच्या ॲक्सलवरचे दोन छोटे पाइप मी स्टीलचेच सुचवीन, कंपनीचे तयार वळवलेले मिळत असतील तर. ॲक्सलवर दगड उडतात, चिखलात काट्याकुट्यांत गाडी घातली की तिथेच आधी मार बसतो, आणि मऊ पाइप चेपतो. चेपलेला पाइप गळत नाही पण ते चाक उशिरा धरतं किंवा उशिरा सोडतं. शिवाय फ्लेअर कारखान्यातला, म्हणजे घरच्या चुकीला वाव नाही. बसवण्याआधी नटाच्या मागचा भाग आणि क्लिपांच्या जागा चॅसिसच्या मेणाने माखा. दर पावसाळ्याआधी पुन्हा.

---

चॅसिसखाली

@मूळ_पार्ट, दगडाचा मुद्दा बरोबर आहे. त्यावर उपाय म्हणजे क्यूप्रो-निकेलवर स्प्रिंगचं कवच. ते नटांसारखंच फ्लेअर करण्याआधी ओवायचं. मेण दर वर्षी नेमाने लागणार असेल तर स्टील चालेल. पण समुद्रापासून पाऊण किलोमीटरवर एक वर्ष चुकलं तरी क्लिपेखाली सुरुवात होते, म्हणून माझं मत तेच.

---

सडा_ते_समुद्र

सगळ्यांचे आभार. गाडी उभी केली आहे. क्यूप्रो-निकेल घेतो, ॲक्सलवर स्प्रिंगच्या कवचासह. उरलेले दोन प्रश्न: ७.६ मीटर पुरेल का? आणि मास्टर सिलिंडरजवळ जुन्या पाइपाला जे वेटोळं आहे ते नव्याला ठेवायचं का? सरळ नेलं तर फूटभर पाइप वाचतो.

---

फ्लेअर_४५

वेटोळं ठेवाच. जिप्सीची बॉडी रबरी माउंटवर बसलेली, चॅसिस वेगळी. मास्टर सिलिंडर बॉडीला, पुढचा पाइप चॅसिसला. खड्ड्यात दोघं एकमेकांपासून हलतात आणि ती हालचाल वेटोळं पचवतं. सरळ ताणलेला पाइप तीच हालचाल फ्लेअरच्या मानेवर घेतो आणि तिथेच तुटतो. कंपनीने जिथे जसं वळण दिलं आहे, तिथे तसंच द्या.

लांबी: व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २३७५ मिमी. मागे जाणारा लांब पाइप वळणांसह तीन मीटरच्या आसपास धरा, बाकीचे छोटे. एक गुंडाळी पुरावी, पण सरावाचे तुकडे त्यातूनच जाणार. जुना प्रत्येक पाइप अखंड उतरवता आला तर उत्तम, नाहीतर जागेवरच बांधकामाची मऊ तार त्याच्या वाटेने वळवून लांबी काढा आणि वर १० सेंमी धरा.

वळवताना आतली त्रिज्या १५ मिमीपेक्षा कमी नको. मोठं सॉकेट किंवा पाइपाचा तुकडा साचा म्हणून वापरा. फ्लेअरपासून पहिले चार-पाच सेंमी सरळ ठेवा, नट मागे सरकायला जागा लागते. क्लिपा दर २५-३० सेंमीला, रबर किंवा प्लास्टिकचं अस्तर असलेल्या. उघड्या पत्र्याची क्लिप पाइपही घासते आणि तांबट धातूच्या सोबतीने स्वतःही लवकर गंजते. सायलेन्सरपासून लांब ठेवा.

नट आधी बोटांनी तीन-चार आटे फिरला पाहिजे. फिरत नसेल तर पाइप तिरका आहे, पाना लावू नका. शेवटचं आवळणं साधारण १५ न्यूटन-मीटर, फ्लेअर नटच्या पान्याने. आटे आणि नटाच्या मागे किंचित ग्रीस चालेल, फ्लेअरच्या तोंडावर अजिबात नाही.

---

चॅसिसखाली

रबरी होज पाइपही याच वेळी बदला. वीस वर्षांचं रबर आतून फुगतं आणि झडपेसारखं वागतं, चाक ब्रेक सोडत नाही.

ब्लीडिंगला नवा बंद डबा, रिझर्व्हायरच्या झाकणावर लिहिलंय तेच, डॉट ३ किंवा डॉट ४. एक लिटर आणा. उघडून ठेवलेला डबा नको, हे ऑइल हवेतली ओल शोषतं आणि कोकणात ती भरपूर. कोरड्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, ओल शिरलेल्याचा १४० पर्यंत उतरतो. सिलिकॉनचं डॉट ५ घालू नका. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. मागच्या ॲक्सलवर लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (गाडीतल्या वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा) असेल तर त्याच्यावरचा निपलही सोडा.

आणि पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन रोज अर्धाच जातो, पुढच्या भागात गंज आणि मळ बसलेला असतो. हवा काढताना पेडल फरशीपर्यंत दाबलं की रबरी सील त्यावरून घासून फाटतं, आणि नवे पाइप घालूनही पेडल हळूहळू खाली बसायला लागतं.

सगळं झालं की इंजिन चालू ठेवून पेडल पूर्ण ताकदीने एक मिनिट दाबून धरायला कुणाला तरी बसवा. प्रत्येक नटाला टिश्यू कागद लावून बघा, डाग उमटला तर तो जोड उघडून फ्लेअर तपासा, नुसता आणखी आवळू नका. मग मोकळ्या मैदानात हळू वेगाने चार-पाच वेळा जोरात ब्रेक, आणि १०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा कागद.